चिंधी बांधलेली पायरी

मित्रांनो, पडक्या गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी असलेली एक लाकडी शिडी तुम्ही येता-जाता पाहिली असेल. नऊ हात लांब, तेरा पायऱ्यांची. बारा पायऱ्या काळपट पडल्या आहेत आणि मधली एक जरा वेगळ्या रंगाची आहे. तीच मी. माझे आता वय झाले आहे. माझे सांधे करकरतात, तेव्हा लोकांना वाटते की लाकूड जुने झाले. पण ती सातवी पायरी आठवली की अजूनही माझ्या अंगातून भीती सरकत जाते, हे कुणाला सांगू? म्हणून तुम्हालाच सांगते.

निलंग्यापासून चार कोसांवर आमचे लहानसे गाव आहे. किराणा दुकानदार बसलिंगप्पा यांच्या घरी माझा जन्म झाला. माझे दोन उभे वासे सागाचे, निलंग्याच्या बाजारातून बैलगाडीत आलेले. आडवे दांडे मात्र त्यांच्याच शेताच्या बांधावरच्या बाभळीचे. बसवंत सुताराने तीन दिवस अंगणात बसून मला घडवले. शेवटची पाचर ठोकून झाल्यावर तो स्वतः माझ्यावर चढला, मधोमध दोनदा उड्या मारल्या आणि म्हणाला, "गुरम्माबाई, तुमच्या नातवंडापस्तोर काई हुत न्हाई हिला."

गुरम्मा म्हणजे बसलिंगप्पांची बायको. अंगाने भरलेली, आवाजाने ठणठणीत, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. घरातली प्रत्येक वस्तू तिच्या नजरेखाली असायची.

उन्हाळा संपत आला की माझी धावपळ सुरू होई. आमच्याकडची घरे माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. मृग लागायच्या आत माळवदावर पांढरी माती टाकून, चोपून, तडे बुजवावे लागत, नाहीतर पावसात घर गळणार. ती माती टोपल्यांनी माझ्यावरून वर जायची. शेवया, कुरड्या, लाल मिरच्या यांची वाळवणे वर पसरायची तीही माझ्यावरूनच. लग्नाचा मांडव असो की छपरात अडकलेला साप हुसकायचा असो, गल्लीतून कुणीतरी येई आणि विचारी, "शिडी हाय का रिकामी?" गुरम्मा कधी नाही म्हणाली नाही. फक्त बजावून सांगायची, "उभी न्या, उभी आणा. उन्हात आडवी टाकून ठिवू नका." सगळ्या गावाचे पाय मी ओळखत होते. मला माझा अभिमान वाटे.

मग बहात्तर साल उजाडले आणि पावसाने पाठ फिरवली. ज्वारी कणसात भरलीच नाही. त्याच माघात घरात नवी सून आली. तिचे नाव महादेवी. माहेर बीदरकडचे, त्यामुळे घरी कानडी बोलायची सवय. मराठी बोलताना ती आधी मनात जुळवून घ्यायची. सासूला 'आत्याबाई' म्हणायची आणि तेही हळूच. नवरा माणिकप्पा लातूरला एका आडत दुकानात कामाला होता, महिन्यातून एकदा यायचा.

घरात येऊन आठवडा झाला नाही तोच तिच्या हातून लोणच्याची मोठी बरणी फुटली. गुरम्माने तिला मारले नाही की शिव्या दिल्या नाहीत. ती फक्त बोलायची थांबली. आठ दिवस तिने सुनेकडे पाहिले नाही, तिच्याशी एक शब्द बोलली नाही. ताट पुढे सरकवायची आणि तोंड फिरवायची. मी अंगणात उभी असायचे. त्या आठ दिवसांत ते पोर किती वेळा माझ्या आडोशाला येऊन डोळे पुसून गेले, ते मी मोजले नाही. तेव्हापासून गुरम्माच्या चपलांचा आवाज आला तरी महादेवी हातातले काम टाकून उभी राहायची.

वैशाखातल्या एका सोमवारी गुरम्मा महादेवाच्या देवळात गेली होती. महादेवी माळवदावर मिरच्या गोळा करत होती. तेवढ्यात वावटळ उठली. मिरच्या उडू लागल्या, डोळ्यांत तिखट गेले. तिने घाईघाईने गाठोडे बांधले आणि न बघताच माझ्यावर पाय टाकला. पाय पडला तो वाकडा. मी भिंतीवरून घसरले. ती कशीबशी माळवदाची कड धरून वरच राहिली आणि मी खाली दगडी उखळावर आदळले. माझ्या सातव्या दांड्यात बाभळीची एक गाठ होती. नेमकी तिथेच कट्‌कन चीर गेली.

महादेवी गोठ्याच्या छपरावरून उतरून आली. तिने माझ्या चिरेवरून बोट फिरवले. अर्धा दांडा आतपर्यंत फाटला होता. तिचा चेहरा मी विसरणार नाही. तिने मला भिंतीला टेकवले, आपल्या जुन्या हिरव्या पातळाची एक पट्टी फाडली, त्या दांड्याला घट्ट गुंडाळली आणि वरून ओली माती फासली. मग कानडीत काहीतरी पुटपुटली. त्यातले मला एवढेच कळले की ती नवऱ्याची वाट पाहत होती. अमावास्येला माणिकप्पा येईल, त्याला सांगू, तो गुपचूप सुताराकडून नीट करून घेईल.

पण अमावास्येला अजून बरेच दिवस होते, आणि चौथ्याच दिवशी गावातल्या बायका दारात आल्या.

गावाला पाणी देणारी जुनी दगडी बारव होती. पायऱ्या उतरून गेले की शेवटी एक ओटा आणि त्याच्यापुढे खोल कुंड. एरवी ओट्यावर बसून कळशी बुडवता येई. त्या वर्षी पाणी ओटा सोडून खाली, आणखी खाली गेले. कुंडाच्या तळाशी एका कपारीतून बारीक झरा तेवढा पाझरत होता. टँकरचा अर्ज निलंग्याला दिलेला होता. जिल्ह्याचे ठिकाण तेव्हा उस्मानाबाद, तिथून मंजुरी यायची होती. तोवर तळाशी उतरून, वाटीवाटीने पाणी भरून वर ओढण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

"गुरम्मा, तुमची शिडी पायजे," साखराबाई म्हणाली. ती आमची शेजारीण. गावातली निम्मी बाळंतपणे तिच्याच हातची.

"न्या की! माझ्या शिडीला काई धाड भरली न्हाई," गुरम्मा म्हणाली. "गाव हिच्यावर चढलं-उतरलं तरी ढिम्म हलत न्हाई ती."

दारामागे महादेवी उभी होती. तिने तोंड उघडले. मी जीव एकवटून वाट पाहिली. पण अंगणात दहा-बारा बायका होत्या आणि मधोमध गुरम्मा मानाने हसत होती. महादेवीने तोंड मिटले.

मला बारवेत उतरवले. माझे पाय तळाच्या चिखलात, डोके ओट्याच्या कडेला. खाली अंधार आणि टोकदार कातळ. आत कोण उतरणार यावर बायकांची कुजबुज सुरू झाली, तशी मागून बारीक आवाज आला, "मी उतरते. समद्यांच्या घागरी मीच भरून देते."

सगळ्या वळून बघू लागल्या. दुकानदाराची नवी सून गावाचे पाणी भरणार? गुरम्मालाही नवल वाटले. मी मात्र ओळखले. दुसऱ्या कुणाचा पाय त्या पायरीवर पडू नये, म्हणून ती स्वतः उतरत होती.

उतरताना ती ओठांतल्या ओठांत कानडीत आकडे मोजायची. "ओंदू, एरडू, मूरू, नाकू, ऐदू, आरू..." सहा झाले की थांबायची. दोन्ही हातांनी वासे घट्ट पकडून, श्वास रोखून, सातवी पायरी ओलांडून आठवीवर पाय लांबवायची. चढतानाही तसेच. दिवसातून कितीदा तरी. दर वेळी मला वाटायचे, आज हिचा पाय चुकणार.

असे बारा दिवस गेले. वरून दोराने घागर यायची, ती वाटीने भरायची, घागर वर जायची. वेशीबाहेरच्या वस्तीतल्या तुळजाबाईला एरवी वरच्या पायरीपाशी ताटकळत थांबावे लागे. कुणी ओतले तर पाणी मिळायचे. आता तिची घागरही रांगेत खाली येऊ लागली. अंधारात घागर कुणाची हे खालून दिसत नसे, आणि महादेवीने कधी विचारले नाही. गाव तिचे गोडवे गाऊ लागले. "लक्ष्मी आणलीस गुरम्मा, लक्ष्मी!" गुरम्माची छाती फुगायची. आणि महादेवी, जिचे एवढे कौतुक चालले होते, ती दिवसेंदिवस वाळत चालली होती. आता सांगणे आणखी कठीण झाले होते. पहिल्या दिवशी सांगितले असते तर एक दांडा मोडल्याची गोष्ट होती. आता सगळे गाव विचारणार होते, की माहीत असून बारा दिवस गप्प का बसलीस?

बाराव्या दिवशी तळाशी तिला भोवळ आली. ती माझा वासा धरून खाली बसली, कोरड्या ओकाऱ्या काढल्या आणि मग फार सावकाश वर चढली. सातवी पायरी ओलांडण्याआधी ती दोनदा थांबली. साखराबाईने तिचे डोळे पाहिले, नाडी पाहिली आणि गालातल्या गालात हसली. "गुरम्मा, साखर वाटा. सून पोटाशी हाय."

गुरम्माने आपल्या पदराने महादेवीचे तोंड पुसले. आपल्या वाट्याच्या कळशीतले पाणी तिने स्वतःच्या हाताने सुनेला पाजले. "माझी गुणाची लेक ती," ती म्हणाली. "उद्यापासून तू ह्या शिडीवर पाय ठिवायचा न्हाई. तुझ्या जागी मी उतरते."

इतक्या महिन्यांत सासू पहिल्यांदा गोड बोलली होती, आणि नेमके तेच शब्द ऐकून महादेवी पांढरीफटक पडली.

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी सकाळी गुरम्मा बारवेच्या पायऱ्या उतरू लागली, तेव्हा मी देवाला हात जोडले असते, पण मला हात नाहीत. महादेवीला घरी थांबायला सांगितले होते, तरी ती मागोमाग आली होती.

"आत्याबाई, मीच उतरते. मला काई झालं न्हाई."

"गप बस तिथं सावलीला."

"आत्याबाई, तुमचे गुडघे..."

"आगं, गुडघ्याला काय झालंय? कामून एवढं भिऊन राहिलीस?"

गुरम्माने पदर खोचला, माझ्याकडे पाठ केली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. जड पाऊल होते ते. महादेवीच्या दुप्पट वजन. ओंदू, मी मनात मोजू लागले. एरडू. मूरू. मी अंग आवळून धरले, पण लाकडाने किती आवळावे? नाकू. ऐदू. ओट्यावर साखराबाई दोर सोडवत बसली होती, मागे तुळजाबाई आपली घागर घेऊन उभी होती. कुणालाच काही ठाऊक नव्हते. आरू. गुरम्माचा एक पाय सहाव्या पायरीवर टेकला आणि दुसरा खाली उतरू लागला.

"अव्वा! ब्याड!"

अख्खी बारव त्या आवाजाने दणाणली. अव्वा म्हणजे आई, आणि ब्याड म्हणजे नको. मराठी जुळवायला तिच्याकडे वेळच नव्हता. "अव्वा, ती पायरी मोडकी हाय! पाय ठिवू नका!"

गुरम्मा दचकली, पण पाय टेकला होता. चिंधीच्या आत दांडा कडाडला आणि दोन तुकडे होऊन लोंबला. तिचा पाय हवेत गेला. झोक्याने माझा एक पाय चिखलातून सुटला आणि मी एका बाजूला कलले. गुरम्मा एका पायावर, दोन हातांवर लटकत राहिली. खाली कातळ होता.

तेवढ्यात घागर फेकून तुळजाबाई ओट्यावर पालथी पडली आणि तिने गुरम्माचे मनगट पकडले. पाठोपाठ साखराबाईने दुसरा दंड धरला. महादेवी पायऱ्यांवरून धावत आली आणि तिने माझे वरचे टोक दोन्ही हातांनी कवटाळले, अंगाचा सगळा भार टाकून. तिच्या छातीचे ठोके माझ्या लाकडात वाजत होते. मी सरळ झाले. दोघींनी ओढले, गुरम्माने जोर लावला, आणि ती ओट्यावर येऊन पडली.

गुरम्माने तुळजाबाईचा हात तसाच धरून ठेवला होता, आणि तो सोडावा असे त्या दोघींपैकी कुणालाच सुचले नाही.

मग गुरम्माची नजर माझ्याकडे गेली. मातीचा लेप निघाला होता आणि हिरवी पट्टी लोंबत होती.

"ही चिंधी कुणाची?"

"माझी," महादेवी म्हणाली. आता ती थांबत नव्हती. "शिडी माझ्या हातनं पडली. वावटळ आली त्या दिशी. मला ठाव हुतं."

"म्हंजी रोज तू मोडक्या पायरीवरून उतरत हुतीस व्हय गं?" साखराबाईने कपाळावर हात मारला.

"आन् बोलली कामून न्हाईस?" गुरम्माने विचारले.

"तुमचं भ्याव वाटलं."

गुरम्मा उठली. काही न बोलता पायऱ्या चढून निघून गेली. मला वाटले, झाले. पुन्हा तो अबोला. आणि या वेळी आठ दिवसांवर थांबणारा नाही.

दोन गड्यांनी मला घरी आणले. दुपारी बसवंत सुतार आला आणि मोडका दांडा उपसू लागला. गुरम्मा ओसरीवर बसली होती. महादेवी दाराच्या चौकटीला टेकून उभी. सकाळपासून तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. आत तिचे कपड्यांचे गाठोडे बांधलेले होते. माहेरी धाडणार, असे ती धरूनच चालली होती.

"जेवलीस का?" गुरम्माने विचारले.

महादेवीने मान हलवली. नाही.

"इकडं ये. बस." ती बसली. गुरम्माने आपला तळवा उघडून पाहिला. तिथे माझ्या वाशाची कुसळे रुतली होती. "बरणी फुटली तवा मी आठ दिस बोलले न्हाई. मला वाटलं, सुनंला धाक पायजे. आज त्याच धाकानं मला खाली लोटलं आसतं."

बसवंताचा हात थांबला. तिने त्याला खुणेने काम चालू ठेवायला सांगितले.

"पण तूबी लई चुकलीस, महादेवी. जीव मुठीत धरून उतरलीस, पण तोंड उघडलं न्हाईस. माझ्या जागी तुळजाबाई उतरली आसती, तर वेळंवर वरडली आसतीस का?"

महादेवीने सुताराच्या हातातल्या मोडक्या दांड्याकडे पाहिले. मग म्हणाली, "ठाव न्हाई."

"खरं बोललीस," गुरम्मा म्हणाली. उठून आत गेली आणि ताट वाढून घेऊन आली. त्या दिवशी दोघी एका ताटात जेवल्या.

मला नवा दांडा बसला. दुसऱ्या दिवशी बारवेत गुरम्माने सगळ्या बायकांदेखत प्रत्येक पायरीवर मुसळ ठोकून पाहिले, आणि मग पाळ्या लावल्या. एकीनेच रोज उतरायचे नाही. तुळजाबाईचीही पाळी लागली. दोघी-तिघींनी नाके मुरडली, पण गुरम्मापुढे बोलायची कुणाची छाती झाली नाही. टँकर आला तो बऱ्याच दिवसांनी. पौषात महादेवीला मुलगी झाली.

पुढची वर्षे बरी गेली. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. आता कुठल्याही कागदासाठी उस्मानाबादेला जायला नको, म्हणून बसलिंगप्पांनी दुकानासमोर साखर वाटली. माणिकप्पाने लातूरला स्वतःचे दुकान थाटले, सिमेंटचे घर बांधले. त्या घराला पक्का जिना आहे. सगळे तिकडे राहायला गेले. गुरम्मा त्याआधीच देवाघरी गेली होती.

मला कुणी नेले नाही. रागावत नाही मी. जिना असलेल्या घरात शिडीचे काय काम? मी गोठ्याच्या भिंतीला उभी राहिले. उन्हाळा आला, पाऊस आला, पुन्हा उन्हाळा आला. कुणी मला आत घेतले नाही, तेल पाजले नाही. मग जमिनीतून वाळवी चढली. माझा डावा वासा बाहेरून शाबूत दिसतो, पण आतून ती त्याचे पीठ करत चालली आहे. रात्रंदिवस मला तिचे बारीक कुरतडणे ऐकू येते.

आता उन्हाळा पुन्हा संपत आला आहे. काल शेजारच्या बायका बोलत होत्या. उद्या महादेवी लेकीला घेऊन लातूरहून येणार आहे. जुन्या घराच्या माळवदावर माती टाकायची आहे. अंगणात पांढऱ्या मातीचा ढीग येऊन पडला आहे, टोपल्या धुऊन ठेवल्या आहेत, आणि कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "शिडी हाय की चांगली."

मित्रांनो, म्हणून एवढी कळकळ. घरातल्या मुक्या वस्तूंवर अधूनमधून हात फिरवा, त्यांना उन्हापावसात टाकून विसरू नका. तुमच्या हातून काही मोडले तर त्यावर चिंधी बांधू नका, सांगून टाका. कुणी तुम्हाला सांगायला आले, तर त्याचे ऐकून घ्या. आणि उद्या सकाळी तुम्ही या अंगणावरून गेलात, तर एक क्षण थांबा. माझ्या डाव्या वाशावर नुसते नख दाबून पाहा, आणि मग मोठ्याने ओरडा. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.